डिक्री हाती आल्यावर

निकाल आपल्या बाजूने लागतो, पेढे वाटले जातात, डिक्रीची सही-शिक्क्याची प्रत फाइलला लागते. मग महिन्यामागून महिने जातात आणि खात्यात एक रुपयाही जमा होत नाही. उधारीवर माल देणाऱ्या कितीतरी छोट्या व्यावसायिकांचा हा अनुभव आहे. कोर्टाने सांगितले म्हणजे समोरचा पैसे देईल आणि नाही दिले तर कोर्ट बघून घेईल, अशी त्यांची समजूत असते. दिवाणी कायदा असा चालत नाही. कोणी कोणाला किती द्यायचे, हे कोर्ट ठरवते. ठरलेली रक्कम समोरच्याने आपणहून दिली नाही, तर ती मिळवण्यासाठी डिक्रीदाराला पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते. त्यासाठी जो अर्ज करायचा, त्याला महाराष्ट्रातल्या कोर्टांत दरखास्त म्हणतात.

ही तक्रार आजची नाही. हिंदुस्थानातल्या पक्षकाराच्या अडचणी डिक्री मिळाल्यावर सुरू होतात, अशा आशयाचे मत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दरभंगा राजच्या खटल्यात 1872 मध्ये नोंदवले होते. दीडशे वर्षे उलटली तरी सर्वोच्च न्यायालयाला हे वाक्य पुन्हा पुन्हा आठवावे लागते. मार्च 2025 मध्ये पेरियम्मल खटल्याचा निकाल देताना या न्यायालयाने देशभरातल्या दरखास्तींची आकडेवारी मागवली. ऑक्टोबरमध्ये ती समोर आली, तेव्हा 8 लाख 82 हजारांहून अधिक दरखास्ती प्रलंबित असल्याचे दिसले. त्यांपैकी सर्वांत जास्त, म्हणजे 3 लाख 41 हजारांच्या आसपास, मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीतल्या होत्या. न्यायालयाला ही परिस्थिती अत्यंत निराशाजनक वाटली.

या विलंबाला न्यायाधीशांची कमतरता, बेलिफांची अपुरी संख्या, हरकतींचे सत्र अशी अनेक कारणे आहेत आणि ती दूर करणे डिक्रीदाराच्या हातात नाही. एक कारण मात्र त्याच्या हातातले आहे. दरखास्तीत कोर्ट साधारणपणे तेवढ्याच मालमत्तेवर हात टाकते, जेवढी डिक्रीदार दाखवून देतो. ऋणकोचे बँक खाते कुठे आहे, जमीन कोणत्या गटात आहे, त्याला कोणाकडून पैसे येणे आहेत, हे कोर्ट स्वतः शोधत फिरत नाही. म्हणून वसुलीची खरी ताकद माहितीत आहे. ती कशी जमवायची आणि तिचा उपयोग कसा करायचा, हे या प्रकरणात पाहू.

धरण्यापासून दरखास्तीपर्यंत

कोर्टे नव्हती तेव्हाही वसुली होतीच. सावकार ऋणकोच्या दारात माणूस बसवून तगादा लावी किंवा स्वतः उपाशीपोटी धरणे धरून बसे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात या तगाद्याचे वर्णन आहे. पुढे 1860 च्या भारतीय दंड संहितेत, देवाच्या कोपाची भीती घालण्यासाठी धरलेले धरणे कलम 508 खाली गुन्हा ठरले. 1859 मध्ये दिवाणी प्रक्रिया संहिता आली आणि वसुलीचे काम सावकाराच्या माणसाकडून कोर्टाच्या बेलिफाकडे गेले.

यातून न्याय आपोआप आला नाही. नव्या कोर्टांत सावकाराला डिक्री सहज मिळू लागली. अंगठा उठवलेल्या खतावर शेतकऱ्याचे म्हणणे न ऐकताच निकाल होऊ लागले आणि जमिनी लिलावात जाऊ लागल्या. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांचा उद्रेक झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. जमावाचा रोख कागदांवर होता. कर्जखते आणि हुकूमनामे हिसकावून ते जाळून टाकायचे, हा उठावाचा उद्देश असल्याचे चौकशी आयोगाने नोंदवले. त्यानंतर 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. पैशाच्या डिक्रीपोटी शेतकऱ्याला अटक करणे त्याने बंद केले आणि खास गहाण न ठेवलेली त्याची जमीन लिलावापासून वाचवली.

आजची वसुली 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार चालते. तिची कलमे 36 ते 74 आणि आदेश 21 हा या विषयाचा गाभा आहे. या तरतुदींत धनकोला दिलेली हत्यारे आहेत आणि ऋणकोला दिलेले संरक्षणही आहे. सुप्याचा उठाव लक्षात ठेवला, तर हे संरक्षण का हवे ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

इचलकरंजीचा व्यापारी, भिवंडीचा ऋणको

पुढचे सगळे नीट समजावे म्हणून एक उदाहरण घेऊ. इचलकरंजीतल्या एका सूत व्यापाऱ्याने भिवंडीतल्या यंत्रमाग कारखानदाराला उधारीवर सूत दिले. बिले थकली. व्यापाऱ्याने कोल्हापूर जिल्ह्यात दावा लावला आणि 8 लाख रुपये, त्यावर 12 टक्के व्याज आणि दाव्याचा खर्च अशी डिक्री मिळवली. ऋणकोची मालमत्ता मात्र सगळी भिवंडीत, म्हणजे ठाणे जिल्ह्यात आहे.

पहिला प्रश्न मुदतीचा. पैशाच्या डिक्रीची अंमलबजावणी मागायला 1963 च्या मुदत कायद्यानुसार 12 वर्षे मिळतात. एवढी मोठी मुदत पाहून अनेक जण निवांत राहतात आणि तिथेच नुकसान होते. डिक्रीपासून दोन वर्षांच्या आत दरखास्त केली, तर आदेश 21 च्या नियम 22 प्रमाणे ऋणकोला आधी नोटीस काढावी लागत नाही. दोन वर्षे उलटली की नोटीस सक्तीची होते आणि नोटीस मिळालेला ऋणको जप्तीच्या आधीच खाते रिकामे करू शकतो.

दुसरा प्रश्न अपिलाचा. ऋणकोने अपील केले म्हणून वसुली थांबत नाही. स्थगितीचा आदेश वेगळा मिळवावा लागतो आणि पैशाच्या डिक्रीत कोर्ट सहसा रक्कम किंवा तारण जमा करायला सांगते. डिक्रीदाराने अपिलाच्या कोर्टात आधीच कॅव्हेट दाखल करून ठेवावे. त्यामुळे त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय स्थगिती मिळणे कठीण होते. कॅव्हेट 90 दिवस चालते, मग पुन्हा करावे लागते.

तिसरा प्रश्न कोर्टाचा. दरखास्त प्रथम डिक्री देणाऱ्या कोर्टात करायची. त्या कोर्टाला आपल्या हद्दीबाहेरच्या मालमत्तेवर अंमल करता येत नाही. म्हणून आपल्या व्यापाऱ्याने कलम 39 खाली डिक्री ठाणे जिल्ह्यातल्या सक्षम कोर्टाकडे पाठवण्याची मागणी करायची. सोबत डिक्रीची प्रत आणि रक्कम अद्याप वसूल न झाल्याचा दाखला जातो. हे कागद पोहोचेपर्यंत ऋणको मालमत्ता विकून टाकेल अशी भीती असेल, तर कलम 46 चा उपाय आहे. डिक्री देणारे कोर्ट दुसऱ्या कोर्टाला तातडीने जप्ती करण्याचा आदेश धाडू शकते. ही जप्ती साधारण दोन महिने टिकते. तेवढ्या वेळात पुढची कागदपत्रे तिथे पोहोचवावी लागतात.

ज्यांच्याकडे डिक्रीऐवजी लवादाचा निवाडा आहे, त्यांचा हा वळसा वाचतो. 2018 च्या सुंदरम फायनान्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, निवाड्याची अंमलबजावणी मालमत्ता जिथे आहे तिथल्या कोर्टात थेट मागता येते.

शोध कुठे घ्यायचा

दरखास्तीच्या छापील नमुन्यात रकाने असतात: दाव्याचा क्रमांक, डिक्रीची तारीख, अपील झाले का, काही रक्कम मिळाली का, व्याज किती, खर्च किती. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. कोर्टाची मदत कोणत्या प्रकारे हवी? जंगम मालमत्तेची जप्ती, स्थावराची जप्ती व विक्री, पगाराची जप्ती की अटक? इथे नेमके लिहिता आले पाहिजे. 'ऋणकोची सर्व मालमत्ता' असे लिहून बेलिफाला काहीच हाती लागत नाही. स्थावर असेल तर गट क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, चतुःसीमा आणि ऋणकोचा हिस्सा हवा. खाते असेल तर बँक आणि शाखा हवी.

ही माहिती बरीचशी उघड नोंदींत सापडते. शेतजमिनीचा सातबारा आणि शहरी मिळकतीची मालमत्ता पत्रिका महाराष्ट्र शासनाच्या भूलेख सेवेवर पाहता येते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात बोजे दिसतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर सूची क्रमांक 2 काढली की कोणते खरेदीखत, बक्षीसपत्र किंवा गहाणखत कधी झाले ते कळते. जीएसटी क्रमांक टाकला की नोंदणीकृत नाव, व्यवसायाचा मुख्य पत्ता आणि नोंदणी चालू आहे की रद्द झाली हे दिसते. ऋणको कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाकडच्या नोंदींत संचालकांची नावे, ताळेबंद आणि बँकांचे बोजे मिळतात.

सर्वांत मोलाची माहिती मात्र व्यापाऱ्याच्या स्वतःच्या दप्तरात असते. ऋणकोने पूर्वी दिलेले धनादेश, एनईएफटीच्या नोंदी, कोरा रद्द धनादेश, मालाच्या पोचपावत्या. जुन्या धनादेशावर बँक आणि शाखा छापलेली असते. ऋणकोचे कापड कोणत्या ट्रान्सपोर्टने कोणाकडे जाते हे बाजारात विचारले की त्याचे मोठे ग्राहक कळतात. वकील कायदा जाणतो, पण हा बाजार व्यापाऱ्यालाच माहीत असतो.

एवढे करूनही काही हाती लागले नाही, तर आदेश 21 चा नियम 41 वापरावा. डिक्रीची रक्कम 30 दिवस थकली असेल, तर ऋणकोने आपल्या सर्व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे असा आदेश कोर्ट देऊ शकते. कोर्ट त्याला बोलावून त्याची तोंडी तपासणीही घेऊ शकते. आदेश मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2021 मध्ये राहुल शहा खटल्यात या खुलाशावर भर दिला आणि दरखास्ती सहा महिन्यांत निकाली काढाव्यात असे बजावले. काही कारणाने उशीर झाला तर तो लेखी नोंदवावा, असेही सांगितले. दरखास्त रेंगाळत असेल तर या निकालाचा दाखला देऊन तारीख मागण्याचा हक्क प्रत्येक डिक्रीदाराला आहे.

आधी रोख, मग माल, शेवटी जमीन

जप्ती कशाची मागावी याला क्रम असावा. जो मार्ग लवकर रोख मिळवून देतो, तो आधी.

पहिले येते ते बँक खाते. खात्यातली शिल्लक म्हणजे बँकेने ऋणकोला द्यायची रक्कम, म्हणून ती जप्त होते. कॅश क्रेडिट खात्याची गोष्ट निराळी. तिथली न वापरलेली मर्यादा हे ऋणकोचे पैसे नसतात, ते बँकेने देऊ केलेले कर्ज असते. म्हणून चालू खाते, बचत खाते आणि मुदत ठेवी शोधाव्यात.

दुसरे येते ते ऋणकोचे येणे, आणि व्यापारी वसुलीत हेच हत्यार सर्वांत प्रभावी ठरते. आपला भिवंडीचा कारखानदार ग्रे कापड विणून मुंबईतल्या एका गारमेंट कंपनीला देतो आणि त्या कंपनीकडून त्याला 5 लाख रुपये येणे आहेत, असे समजा. आदेश 21 च्या नियम 46-अ प्रमाणे डिक्रीदार कोर्टाला सांगू शकतो की या कंपनीला नोटीस काढा. यात कंपनीवर दावा नसतो. तिला एवढेच सांगितले जाते की, कारखानदाराला द्यायची रक्कम कोर्टात भरा, किंवा का भरू नये ते सांगा. कोर्टात रक्कम भरली की कंपनीची कारखानदाराला देण्याची जबाबदारी तेवढ्यापुरती संपते. म्हणून प्रामाणिक कंपनीला यात तोटा काहीच नसतो. तिने रक्कमही भरली नाही आणि कारणही दाखवले नाही, तर तिच्याविरुद्ध जणू डिक्रीच झाली आहे अशी वसुली करता येते. रक्कम देणे आहे की नाही यावर वाद असेल, तर कोर्ट त्याची चौकशी करते.

या नोटिशीचा दुसरा परिणाम कायद्यात लिहिलेला नाही, पण बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या मोठ्या ग्राहकापर्यंत कोर्टाचा कागद पोहोचला, ही गोष्ट चालत्या धंद्यातल्या माणसाला परवडत नाही. वर्षानुवर्षे दाद न देणारा ऋणको अशा वेळी स्वतःहून तडजोडीला येतो.

ऋणको नोकरदार असेल तर पगाराची जप्ती होते. पगारातले पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात. जप्तीला पात्र पगार 40,000 रुपये असेल, तर 1,000 वजा जाऊन 39,000 उरतात. त्यांतले 26,000 ऋणकोचे आणि 13,000 दरमहा कोर्टामार्फत डिक्रीदाराला. ही कपात सलग किंवा तुटक अशी एकूण 24 महिने झाली की पुढचे 12 महिने पगार मोकळा ठेवावा लागतो, आणि त्याच डिक्रीसाठी तो पुन्हा जप्त होत नाही.

जंगम मालाच्या जप्तीला बेलिफ प्रत्यक्ष जागेवर जातो. पंचांसमक्ष यादी करतो, माल ताब्यात घेतो किंवा कोणाच्या तरी सुपूर्दनाम्यावर ठेवतो. विरोधाची शक्यता असेल तर पोलीस बंदोबस्ताची मागणी आधीच करावी. यंत्रमाग जप्त करायला निघण्यापूर्वी त्यांवर बँकेचा बोजा आहे का, हे तपासले पाहिजे. बोजा असेल तर बँकेची रक्कम आधी जाते आणि डिक्रीदाराच्या हाती फारसे उरत नाही.

स्थावराचा मार्ग लांबचा आहे. आदेश 21 च्या नियम 54 प्रमाणे जप्तीचा आदेश निघतो. तो मालमत्तेवर आणि कोर्टात लावला जातो, दवंडी किंवा तशा रूढ मार्गाने जाहीर होतो. हा आदेश लागू झाला की ऋणकोने त्या मिळकतीची केलेली खासगी विक्री डिक्रीदाराविरुद्ध टिकत नाही. म्हणून जप्तीची नोंद सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रिकेवर करून घेण्याची खटपट लगेच करावी. पुढे विक्रीची उद्घोषणा होते. ऋणकोची लेखी संमती नसेल, तर उद्घोषणा लावल्यापासून 15 दिवसांच्या आत लिलाव करता येत नाही. लिलावात बोली लागलेल्या माणसाने 25 टक्के रक्कम लगेच आणि उरलेली 15 दिवसांत भरायची असते. डिक्रीदाराला स्वतः बोली लावायची असेल, तर कोर्टाची परवानगी लागते. डिक्री फेडण्यापुरता भाग विकून भागत असेल, तर कोर्टाने सगळी मिळकत विकायची नसते. ऋणकोने 60 दिवसांच्या आत डिक्रीची रक्कम आणि खरेदीदारासाठी 5 टक्के जादा भरले, तर लिलाव रद्द होऊन मिळकत त्याची त्याला राहते.

एकाच ऋणकोवर अनेकांच्या डिक्री असणे बाजारात नेहमीचे आहे. अशा वेळी कलम 73 लागू होते. वसुलीची रक्कम कोर्टात जमा होण्यापूर्वी ज्यांनी ज्यांनी त्या कोर्टात दरखास्त केली आहे, त्या सर्वांना ती प्रमाणात वाटली जाते. ज्याने दरखास्तच केली नाही, त्याला त्यातून काही मिळत नाही.

ज्याला हात लावता येत नाही

कलम 60 मध्ये जप्तीतून वगळलेल्या वस्तूंची यादी आहे, आणि ती प्रत्येक धनकोने वाचावी. ऋणको, त्याची पत्नी आणि मुले यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने; मंगळसूत्र यात येते. कारागिराची अवजारे. शेतकऱ्याची औते, गुरे, बियाणे आणि राहते घर. भविष्य निर्वाह निधी, सरकारी निवृत्तिवेतन. यांतल्या कशावरही वॉरंट मागणे म्हणजे स्वतःचा वेळ आणि पैसा वाया घालवणे आहे. सुताराची करवत विकून वसूल होते ती किरकोळ रक्कम, आणि त्याची कमाई मात्र कायमची बुडते. मग उरलेले पैसे तो कुठून देणार?

अटकेविषयीही गैरसमज फार आहेत. पैशाच्या डिक्रीसाठी दिवाणी कैद होऊ शकते, पण देण्याची ऐपत असून जो मुद्दाम देत नाही किंवा मालमत्ता दडवतो त्यालाच. 1980 च्या जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी हे ठामपणे मांडले: केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता येत नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकणे राज्यघटनेच्या कलम 21 शी विसंगत आहे. ऐपत आहे हे सिद्ध करण्याचा भार डिक्रीदारावर असतो. स्त्रीला पैशाच्या डिक्रीपोटी अटक करता येत नाही. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटकेसाठी कोणाच्या राहत्या घरात शिरता येत नाही. रक्कम 5,000 रुपयांहून अधिक असेल तर कैद जास्तीत जास्त तीन महिन्यांची, आणि कैद्याचा निर्वाहभत्ता डिक्रीदारानेच भरायचा. कैद भोगल्याने कर्ज मिटत नाही, पण त्याच डिक्रीसाठी पुन्हा अटकही होत नाही. म्हणून हा उपाय एकदाच आणि विचार करून वापरायचा.

'माझ्या नावावर काहीच नाही'

वसुलीत सर्वांत जास्त ऐकू येणारे उत्तर हे. त्यामागे कधी खरी ओढाताण असते, कधी बनाव असतो. दोन्हींतला फरक तारखा सांगतात. दाव्याची नोटीस मिळाली मार्चमध्ये आणि भिवंडीचा गाळा पत्नीच्या नावावर बक्षीसपत्राने गेला एप्रिलमध्ये, तर शंकेला जागा आहे. धनकोंना बुडवण्याच्या किंवा त्यांना उशीर लावण्याच्या हेतूने केलेले हस्तांतर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 53 खाली रद्द ठरवून घेता येते. सूची क्रमांक 2 ची प्रत इथे पुरावा म्हणून उभी राहते.

ऋणको कोण आहे, हेही नीट पाहावे. एकल मालकीचा धंदा असेल तर मालकाची वैयक्तिक मालमत्ता जबाबदार असते. भागीदारी संस्थेविरुद्धच्या डिक्रीत संस्थेच्या मालमत्तेबरोबर, दाव्यात समन्स बजावलेल्या भागीदारांपर्यंतही पोहोचता येते. खासगी मर्यादित कंपनीचे तसे नाही. कंपनी वेगळी व्यक्ती मानली जाते. संचालकाने वैयक्तिक हमी दिलेली नसेल, तर कंपनीच्या डिक्रीसाठी त्याचा फ्लॅट जप्त होत नाही. ऋणकोचा मृत्यू झाला तर वारसांवर जबाबदारी येते ती त्यांच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच. कंपनीविरुद्ध दिवाळखोरी संहितेखाली प्रक्रिया सुरू झाली, तर सर्व दरखास्ती तिथेच थांबतात. मग मुदतीत आपला दावा तिथल्या अधिकाऱ्याकडे नोंदवावा लागतो.

मदत घ्यावी, पण कोणाची

अमेरिकेत न वसूल झालेले निकाल आपल्या नावावर लिहून घेऊन त्यांची वसुली करण्याचा स्वतंत्र व्यवसाय आहे. वसुली झाली तर ठरलेला हिस्सा मूळ धनकोला मिळतो. आपल्याकडेही लेखी कराराने डिक्री दुसऱ्याला देता येते आणि आदेश 21 च्या नियम 16 प्रमाणे तो नवा डिक्रीदार दरखास्त चालवू शकतो. पण तसा मोठा व्यवसाय इथे उभा राहिलेला नाही. वकिलाला तर वसुलीतला हिस्सा फी म्हणून घेण्यास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. 'वसूल झाले तर वीस टक्के' असे कोणी वकील सांगत असेल, तर तो नियम मोडतो आहे हे ओळखावे.

मालमत्तेच्या नोंदींचा शोध घेणारे, सातबारे आणि सूची काढून देणारे जाणकार मिळतात; त्यांचे काम उपयोगी आहे. दमदाटी करून पैसे काढून देतो म्हणणाऱ्यांना मात्र दारात उभे करू नये. त्यांच्या गुन्ह्यात व्यापारी स्वतः आरोपी होतो आणि न्यायाची बाजू असूनही त्याला पोलीस ठाण्याच्या चकरा माराव्या लागतात.

तडजोडीचा मार्ग नेहमी मोकळा ठेवावा. हप्ते ठरवले तर ते कोर्टात नोंदवावेत, आणि एक हप्ता चुकला तर संपूर्ण बाकी एकदम देय होईल अशी अट घालावी. बाहेर दिलेली रक्कम दोन्ही बाजूंनी कोर्टाला कळवावी. डिक्रीपोटी कोर्टाबाहेर झालेला आणि न नोंदवलेला भरणा दरखास्त चालवणारे कोर्ट विचारात घेत नाही. ऋणकोनेही हे लक्षात ठेवावे, कारण पैसे देऊनही पुन्हा वसुली मागे लागू शकते.

वसुलीची सुरुवात पहिल्या बिलापासून

ज्या व्यापाऱ्याला डिक्रीनंतर शोधाशोध करावी लागत नाही, त्याने तयारी व्यवहाराच्या आधीच केलेली असते. नवा ग्राहक जोडताना त्याचा पॅन, जीएसटी क्रमांक, रद्द धनादेश आणि पत्त्याचा पुरावा घ्यावा. मर्यादित कंपनीला मोठी उधारी देताना संचालकांची लेखी वैयक्तिक हमी मागावी. बिलावर व्याजाचा दर आणि देय तारीख छापावी. लेखी करारावर आधारलेली, नक्की रकमेची मागणी असेल तर आदेश 37 चा संक्षिप्त दावा करता येतो. त्यात प्रतिवादीला कोर्टाच्या परवानगीशिवाय बचाव करता येत नाही.

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी 2006 चा एमएसएमई कायदा आहे. उद्यम नोंदणी केलेल्या पुरवठादाराचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज लागते. वाद सुविधा परिषदेकडे नेता येतो. तिथल्या निवाड्याला आव्हान द्यायचे असेल, तर खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम कोर्टात भरावी लागते. ही एक अट कित्येक वर्षांची दरखास्त वाचवू शकते. नोंदणी माल देण्याच्या आधी केलेली असावी.

दावा चालू असताना समोरचा मालमत्ता विकायला निघाल्याचे दिसले, तर आदेश 38 चा नियम 5 वापरून निकालापूर्वीची जप्ती मागता येते. कोर्ट ती सहजासहजी देत नाही. दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य आहे आणि ऋणको डिक्री निष्फळ करण्याच्या हेतूने मालमत्ता हलवतो आहे, हे दोन्ही दाखवावे लागते. वर्तमानपत्रातली विक्रीची जाहिरात, इस्टेट एजंटाचा संदेश, नोंदणी कार्यालयातला दस्त असा ठोस पुरावा हवा.

डिक्री मिळवणारा व्यावसायिक हक्काचे पैसे मागत असतो. ते त्याला मिळाले नाहीत, तर तो पुढच्या ग्राहकाला उधारी नाकारतो, कामगाराचा पगार थकवतो, किंवा कोर्टावरचा विश्वास सोडून देतो. दरखास्ती वेळेत निकाली काढणे ही न्यायव्यवस्थेची जबाबदारी आहे, आणि 8 लाखांहून अधिक प्रलंबित दरखास्ती पाहता ती तिने पार पाडलेली नाही. पण ज्याच्या कपाटात आज एखादी जुनी डिक्री पडून आहे, त्याने त्या सुधारणेची वाट पाहू नये. डिक्रीची तारीख तपासावी, 12 वर्षांतली किती उरली ते पाहावे, ऋणकोचा जुना धनादेश आणि सूची क्रमांक 2 काढावी आणि वकिलाकडे जाऊन याच महिन्यात दरखास्त दाखल करावी.